दोरी हातून सुटते तेव्हा

गुहेतल्या पाणबुड्यांवर चित्रपट काढणाऱ्यापुढे एक मुळातलीच अडचण असते. पाणबुड्याला जे दिसत नाही, तेच प्रेक्षकाला दाखवायचं असतं. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत पुरामुळे अडकलेल्या मुलांच्या सुटकेवरच्या ‘थर्टीन लाइव्ह्ज’मध्ये (२०२२) रॉन हॉवर्डनं पाणी जरा निवळ ठेवलं, नट दिसायला हवेत, त्याला इलाज नाही. त्याच्या आदल्या वर्षी आलेला एलिझाबेथ चाय वसरहेली आणि जिमी चिन यांचा ‘द रेस्क्यू’ हा माहितीपट मला जास्त भिडतो, तो त्या सुटकेत उतरलेला पाणबुड्या ख्रिस ज्युएल याच्या निवेदनापाशी. तिथे काळोख दाखवायची गरजच पडत नाही. तो भोगलेला माणूस बोलत असतो.

जुलै २०१८. डॉ. रिचर्ड हॅरिस यांनी केटामिन टोचून बेशुद्ध केलेला एकेक मुलगा, चेहराभर मुखवटा, हात मागे बांधलेले. त्याला पाण्याखालून नेणारा पाणबुड्या एकटाच. पुराच्या पाण्यात गाळ इतका, की विजेरी असून नसल्यासारखी. एका हातात मूल, दुसऱ्या हातात दोरी.

दोरी हा या विद्येचा प्राण. एरवी काचेसारख्या पाण्यातही पायाचा एक चुकीचा फटका तळाचा गाळ उठवतो, श्वासाच्या बुडबुड्यांनी छताची माती झडते आणि क्षणात काही दिसेनासं होतं. म्हणून उघड्या पाण्यापासूनच दोरी लावत जायची, आणि गढूळ होऊ लागताच अंगठा व तर्जनी तिच्याभोवती जुळवायची. ओढायचं नाही, नुसती सोबत ठेवायची.

ज्युएलच्या हातून ती सुटली.

अशा वेळी शिकवण अशी, की आधी थांबायचं. सोबतच्या रिळाची दोरी खडकाला बांधायची आणि त्या पक्क्या जागेपासून हरवलेली दोरी शोधायची. चार हात अंदाजानं पोहलं, तरी माणूस भलत्याच फाट्यात शिरू शकतो. इथे तर हातात मूल. ज्युएल चाचपडत राहिला आणि बोटांना विजेची एक तार लागली. तिच्या आधारानं तो गेला आणि पाण्यावर आला, तो मागच्याच दालनात.

मला या प्रसंगात सर्वांत मोलाची वाटते ती ही तार. वाट दाखवायला ती कुणी टाकली नव्हती. त्या गुहेत किती जणांचे हात राबले होते! पाणी उपसण्याच्या कामाला तर आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही गेले होते. दुसऱ्याच कुणाच्या कामाचं सामान त्या क्षणी पाणबुड्याच्या कामी आलं. आणि ती तार ‘वाचणं’ हेही कसबच: घाबरलेल्या बोटांना तार आणि दोरी सारखीच लागली असती. मागून आलेल्या, स्वतःही पाणबुडे असलेल्या डॉ. हॅरिस यांनी पुढचा टप्पा त्या मुलाला नेलं. बाहेर निघायची ओढ असताना मागे जाणं पत्करायचं, मूल दुसऱ्याच्या हाती सोपवायचं, यात कमीपणा कसला? बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक, तेराही जण १० जुलैपर्यंत जिवंत बाहेर आले.