संपादक की संशोधक? : आयर्लंडच्या पुरावशेष-अभ्यासातील आद्य विदुषी

आयर्लंडच्या पुरावशेषांच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना जॉर्ज पीट्री, लॉर्ड डनरेव्हन ही नावे प्रथम घेतली जातात. ती घेणे गैर नाही. मात्र या दोघांच्या नावे ओळखले जाणारे दोन महत्त्वाचे ग्रंथ वाचकांच्या हाती ज्या रूपात आले, ते रूप मार्गारेट स्टोक्स (१८३२–१९००) यांनी दिलेले आहे. ही बाब बहुधा ऋणनिर्देशाच्या एखाद्या वाक्यातच संपते.

मार्गारेट या डब्लिनचे ख्यातनाम वैद्य विल्यम स्टोक्स यांच्या कन्या. पीट्री हे त्यांच्या कुटुंबाचे स्नेही. बंधू व्हिटली स्टोक्स केल्टिक भाषांचे पंडित होते. भारतीय कायद्याच्या अभ्यासकांना ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे विधिसदस्य (१८७७–८२) म्हणून परिचित असतील. व्हिटली यांचे शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. त्या कॉलेजचे दार स्त्रियांसाठी १९०४ साली उघडले, तेव्हा मार्गारेट हयात नव्हत्या. घरचा ग्रंथसंग्रह, वडिलांचे विद्वान मित्र आणि स्वतःची चित्रकला हीच त्यांची पाठशाळा. ही सुस्थिती लाभली नसती तर हे कार्य घडले नसते, हेही तितकेच खरे.

पीट्री १८६६ साली, तर डनरेव्हन १८७१ साली निवर्तले. पीट्रींनी जमवलेल्या आयरिश भाषेतील ख्रिस्ती शिलालेखांचा संग्रह मार्गारेट यांनी १८७२ ते १८७८ या काळात सिद्ध केला. शीर्षकपृष्ठावर संपादकाचे नाव आहे केवळ ‘एम. स्टोक्स’. नावाचे आद्याक्षर तेवढे छापल्याने हे काम स्त्रीचे आहे याचा वाचकाला पत्ताही लागत नाही. डनरेव्हन यांचे आयरिश वास्तुकलेवरील अपूर्ण टिपण त्यांनी १८७५ व १८७७ मध्ये दोन खंडांत पूर्णत्वास नेले. अशा कामास ‘संपादन’ म्हणणे अपुरे ठरते. विखुरलेल्या टिपणांची संगती लावणे, आलेख तपासणे, आकृत्या सिद्ध करणे हे संशोधनच होय. त्याचा पुरावा १८७८ च्या स्वतंत्र ग्रंथात मिळतो. तेथे दगडकामातील फरकांवरून गोल मनोऱ्यांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न आहे, आणि तो प्रयत्न संपादनातून कमावलेल्या नजरेवरच उभा आहे. साठीच्या आसपास आयरिश संतांच्या खुणा शोधत त्या इटली व फ्रान्समध्ये हिंडल्या. या प्रवासग्रंथांत आख्यायिका आणि इतिहास यांची सरमिसळ होते. श्रद्धेपुढे चिकित्सा नमते. हे वैगुण्य झाकण्याचे कारण नाही.

रॉयल आयरिश अकॅडमीने १८७६ साली त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. पूर्ण सदस्य म्हणून स्त्रियांची निवड व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी निवडलेल्या चौघींत फ्रांस्वाज आंरी (१९०२–१९८२) होत्या. सन्मान आणि सदस्यत्व यांत ७३ वर्षांचे अंतर पडते.

आंरी पॅरिसच्या. फोसियों यांच्या या शिष्या १९२६ साली प्रथम आयर्लंडला आल्या आणि पुढे डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अध्यापक झाल्या. स्टोक्स यांच्यापाशी जे नव्हते ते आंरींपाशी होते : विद्यापीठीय शिक्षण, वेतन आणि पद्धती. आकृतिबंध हा स्वतःच्या नियमांनी वाढतो, ही फोसियोंची दृष्टी त्यांनी आयरिश शिल्पाला व हस्तलिखितांना लावली. १९३० च्या दशकातील शिल्पविषयक प्रबंधापासून १९६५ ते १९७० मधील तीन खंडांपर्यंत ही दृष्टी टिकून आहे. तिचे सामर्थ्य मोठे. धोकाही तिच्यातच आहे. कोरीव शिळेपासून उंच दगडी क्रूसापर्यंत विकासाची सलग रेषा आखण्यासाठी त्यांनी फाहान व कार्नडोना येथील शिल्पे सातव्या शतकात नेली. पुढे स्टीव्हन्सन, हार्बिसन आदी अभ्यासकांनी हा कालनिर्णय अमान्य केला. रेषेच्या डौलासाठी पुराव्याला थोडे ताणले गेले, असे म्हणावे लागते. तथापि या शिल्पांकडे कलाकृती म्हणून पाहण्यास आंरींनी शिकवले नसते तर हा वादही एवढ्या तपशिलाने झाला नसता.

हेलन रो (१८९५–१९८८) यांची वाट निराळी. लीश परगण्याच्या या ग्रंथपाल. रॉयल सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज ऑफ आयर्लंड या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष. केल्स येथील क्रूसांवरील त्यांची पुस्तिका (१९५९) आकाराने लहान आहे. प्रत्येक क्रूसासमोर उभे राहून त्यावरील प्रसंग ओळखावेत, त्यांचा बायबलशी संबंध लावावा, इतकाच तिचा पवाका. बृहद् सिद्धान्त नसल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण कालक्रमाचा वाद बदलला तरी प्रसंगांची ओळख सहसा बाद होत नाही.

आंरींनी मेयो परगण्यातील इनिशकी बेटांवर १९३७ पासून उत्खनन केले. १९२७ च्या वादळात तेथील दहा तरुण कोळी बुडाले होते आणि पुढे बेटे ओस पडली. या कामाच्या त्यांच्या रोजनिशा २०१२ साली, म्हणजे निधनानंतर ३० वर्षांनी प्रकाशित झाल्या.