मुकुटबनपर्यंत पोचणारा रेडिओ

मुकुटबन यवतमाळ जिल्ह्यातलं, पण यवतमाळचं आकाशवाणी केंद्र इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर दूर. चंद्रपूर आणि आदिलाबादची केंद्रं त्याच्या साधारण निम्म्या अंतरावर. एफएमच्या लहरी क्षितिजाच्या फार पुढे जात नाहीत. त्यामुळे झरी-जामणी तालुक्यातल्या रेडिओला स्वतःच्या जिल्ह्यापेक्षा शेजारचा जिल्हा आणि पैनगंगेपलीकडची तेलुगू जवळची. लांबवरून मराठी आणणारी लहर म्हणजे नागपूरची 585 किलोहर्ट्झ. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून चालते आणि रात्री आकाशातून परतून आणखी दूर उतरते, म्हणून ती डोंगर-जंगल ओलांडून अशा गावांपर्यंत येते.

मराठी रेडिओवरचं बोलणं आज कोणत्या अवस्थेत आहे, हे तपासायला म्हणूनच मुकुटबन ही चांगली जागा आहे. मुंबई-पुण्यात बसून ऐकलं तर चार केंद्रं एकमेकांची उणीव झाकतात. इथे तसा आडोसा नाही.

गाण्यांना मधूनच जागा देणारा, पण मुळात बोलण्यावर उभा असलेला दिवसभराचा रेडिओ ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ 4 या नावाने 30 सप्टेंबर 1967 पासून चालू आहे. बातम्या, नाटक, विज्ञान, पुस्तकं, बागकाम, जहाजांसाठी हवामान, सगळं एकाच वाहिनीवर. मराठीत असं केंद्र कधी झालं नाही. त्याच्या जवळ जाणारी देशव्यापी सेवा म्हणजे आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी. ती 1988 मध्ये सुरू झाली आणि रात्रभर चालायची. तिचा 1000 किलोवॅटचा प्रक्षेपक नागपूरचाच, 1566 किलोहर्ट्झवरचा. मराठी मुलखात उभ्या असलेल्या त्या यंत्रावरून देशभर निवेदन जायचं ते मुख्यतः हिंदी, इंग्रजी आणि उर्दूतून. डिसेंबर 2018 मध्ये ती वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. रात्री जागणाऱ्या शेतकऱ्याला, ट्रकचालकाला, पाळीवरच्या कामगाराला सोबत करणारी एक सेवा संपली. तिचं मराठी रूप कसं असतं, याचा विचारही त्या वेळी फारसा कुणी मांडला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग राहतं ते प्रादेशिक केंद्रांचं दिवसाचं वेळापत्रक. सकाळी वंदे मातरम्, चिंतन, भक्तिगीतं, बातम्या, दुपारी महिलांचा कार्यक्रम, संध्याकाळी शेतीचा, रात्री कधी रूपक, कधी नभोनाट्य. हा साचा जुना असला तरी मला तो टाकाऊ वाटत नाही. समाजातल्या प्रत्येक गटाला दिवसातली एक वेळ देणारी ती रचना होती आणि तिच्यातूनच मराठीत बोलण्याची एक कला घडली. पु. ल. देशपांडे, मंगेश पाडगावकर मुंबई केंद्रावर होते. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत अनेक वर्षं काढली. ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकेत बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी या तिघांनी केवळ आवाजांवर एक मध्यमवर्गीय घर उभं केलं. मुंबईच्या ‘कामगारसभे’ने गिरणगावाला रोजची हक्काची वेळ दिली. आपण मात्र मराठी रेडिओची आठवण काढली की 1955-56च्या ‘गीतरामायणा’वर थांबतो. छप्पन्न गीतांची ती मालिका मोठीच, पण तिच्या उजेडात बोलण्याच्या कलेचं श्रेय झाकलं गेलं. श्रुतिकांच्या संहिता पुस्तकरूपात फार थोड्या आल्या. नव्याने नभोनाट्य लिहिणाऱ्याने वाचायचं काय, हा प्रश्न तसाच आहे.

आजच्या दिवसभरातलं सर्वांत निर्दोष काय, तर बातमीपत्र. शब्द स्पष्ट, वाक्य लहान, आवाज चढवायचा नाही ही शिस्त अजून टिकून आहे आणि दूरचित्रवाणीच्या आरडाओरड्यात तिचं मोल वाढलं आहे. सर्वांत दुबळी वाटते ती मुलाखत. प्रश्न कागदावरून येतो, पाहुणा भाषण करतो, निवेदक आभार मानतो. उत्तर ऐकून पुढचा प्रश्न बदलला असं क्वचित घडतं. दोष निवेदकांचा म्हणणं अन्यायाचं ठरेल. कायम पदं रिकामी होत गेली आणि रोजचं बरंचसं काम नैमित्तिक निवेदकांवर आलं. ज्याला महिन्यातून मोजक्या पाळ्या मिळतात, त्याने गावात जाऊन आठ दिवस माणसं ऐकावीत आणि मग अर्ध्या तासाचं रूपक बांधावं, ही अपेक्षा कोण पुरी करणार? रूपक हा प्रकार म्हणूनच मागे पडला. खरं तर मुकुटबनसारख्या गावाला त्याचीच सर्वाधिक गरज आहे. कापसाचं शिवार, चुनखडीच्या खाणी, सिमेंटचा कारखाना आणि कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, एकमेकांना लागून आहेत अशा जागेची गोष्ट दोन मिनिटांच्या बातमीत मावत नाही.

ऐकणाऱ्याला बोलतं केलं की रेडिओ काय करू शकतो, याचा पुरावा मराठीतच आहे. 1956 मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत एक प्रयोग केला. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम, एकूण 20. प्रत्येक गावात मंडळ जमायचं, एकत्र ऐकायचं, लगेच त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने तपासणी केली. पॉल न्यूराथ यांनी तिचा अहवाल लिहिला. मंडळ असलेल्या गावांत माहिती तर वाढलीच, पण एकत्र बसून निर्णय घेण्याची सवयही वाढली, असं दिसलं. पुढे हा नमुना देशभर नेला गेला. यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्यामुळे पहिल्या प्रयोगात तो असणं शक्यच नव्हतं. पण नंतरच्या एवढ्या वर्षांत त्या पद्धतीला इथे मूळ धरू द्यायला हवं होतं. आज शेतीच्या कार्यक्रमात फोन घेतले जातात, तज्ज्ञ गुलाबी बोंडअळीवर नेमका सल्ला देतात आणि तो उपयोगीही असतो. मात्र एकट्या शेतकऱ्याचा एक प्रश्न आणि गावाने मिळून विचारलेला प्रश्न यांत फरक आहे. गावाच्या प्रश्नाला उत्तर देताना खात्याला अधिक जबाबदारीने बोलावं लागतं.

शेती आणि नाटक यांची सांगड घालण्याचं उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. ‘दी आर्चर्स’ ही बीबीसीची मालिका 1951 पासून देशभर ऐकू येते. युद्धानंतर धान्य वाढवण्यासाठी शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवणं हा तिचा मूळ हेतू होता. माहितीचं ओझं पात्रांनी पेललं आणि मालिका सत्तर वर्षांहून अधिक टिकली. वऱ्हाडी बोलणारं एक कुटुंब, त्याचं कर्ज, जिनिंगवरची रांग, पोरीचं शिक्षण: हे रोज पंधरा मिनिटं ऐकवायला लेखक विदर्भात नाहीत असं कुणी म्हणू नये. त्यांना बोलावणं आणि मानधन देणं राहून गेलं आहे.

खासगी एफएम ही उणीव भरणार नाहीत. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही आणि जाहिरातीचा हिशेब त्यांना शहराबाहेर येऊ देत नाही. सामुदायिक रेडिओने चांगली कामं उभी केली. म्हसवडचं माणदेशी तरंग 2008 पासून बायकांच्या तोंडून बोलतं आहे. पण त्याचा पल्ला लहान आणि बातम्यांची बंदी त्यालाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. त्या निकालाचा अर्थ मुकुटबनपर्यंत अजून आलेला नाही. एप्रिल 2023 मध्ये देशात एकाच दिवशी 91 लहान एफएम प्रक्षेपक सुरू झाले, हे स्वागतार्हच. पण प्रक्षेपक वाढले म्हणून त्यावरून बोलणारी माणसं आपोआप वाढत नाहीत. आदिलाबाद केंद्राने गोंडीत कार्यक्रम केले. महाराष्ट्राच्या बाजूला कोलामी बोलणाऱ्या पोडांसाठी तेवढंही नियमित काही नाही. कोलाम हा राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. आरोग्याची माहिती त्यांच्या भाषेत देणं ही सवलत समजू नये.

मोबाइलवरच्या ॲपवर आता कुठलंही केंद्र ऐकता येतं, मग लहरींची काळजी कशाला, असं म्हणतात. रेंज आणि रिचार्ज या दोन्हींची खात्री असलेल्यांनीच हे म्हणावं.

मागणी मोठी नाही. मराठीतून बोलण्यावर उभी असलेली एक राज्यव्यापी वाहिनी हवी. ती होईपर्यंत नागपूरच्या मध्यम लहरीवर रोज रात्री एक तास: एक रूपक, एक मालिका, आठवड्यातून एकदा वऱ्हाडी, गोंडी, कोलामीतली मुलाखत, आणि गावोगावच्या मंडळांच्या प्रश्नांना उत्तरं. झरी-जामणी, वणी, पांढरकवड्याच्या ग्रामसभांनी असा ठराव करून नागपूर केंद्राला पाठवावा. ज्या वाचकांना हे पटत असेल, त्यांनी आपल्या गावच्या ग्रामसभेत हा विषय मांडावा.