मुदत ठेवीतलं वरण

कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली निघालं आणि वाटी-चमच्याच्या मापानं कितीतरी मराठी घरांना स्वयंपाक शिकवून गेलं. परवाच्या रविवारी मी ते ओट्याजवळ खुर्ची टाकून वाचलं. सौ. कांदे चिरत होती. ती शाळेत, मी बँकेत. म्हणून आठवड्याचं वाटण, वरण, उसळी रविवारीच करून फ्रीजरमध्ये ठेवायच्या, असा घरात ठराव झाला आहे. मुदत ठेवच म्हणा ना!

पण आमच्या यवतमाळात मे महिन्यात वीज गेली, की ठेव मुदतीआधी मोडावी लागते. मग एका रात्रीत तीन दिवसांचं जेवण. मुलगी विचारते, “बाबा, हे वरण कोणत्या वारचं?” त्यापेक्षा आईच्या मुंगवड्या बऱ्या. गच्चीवर कडकडीत वाळल्या की डब्यात वर्षभर निमूट बसतात, विजेचं बिल मागत नाहीत.

पुस्तकाचा हिशेब चोख. कारकुनाच्या नजरेलाही एक वाटी इकडची तिकडे दिसत नाही. फक्त घरात कुणीतरी दिवसभर चुलीपाशी हजर आहे, हे गृहीत धरलेलं. आमच्याकडे ती जागा रिक्त आहे. रविवारी मात्र तीच एक भरते, सुटी न घेता.

हे मत मी मोठ्यानं मांडलं.

“अहो, टीका पुरे. सुरी घ्या.”

घेतली. डोळे पुसत एकच सूचना करतो : पुढच्या आवृत्तीत साहित्याच्या यादीत छापावं, ‘नवरा : १, कांदे चिरायला.’