सैनिकांचा तक्ता

दिघ्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही एक तक्ता पाहिला. पांढऱ्या पेशींच्या हाती ढाल-तलवार, समोर दात विचकणारा कर्करोग. चित्र सुबक होते. खाली लिहिले होते : 'जितके सैनिक जास्त, तितका रोगी सुरक्षित.' आमची तक्रार आहे ती या वाक्याबद्दल, कारण ते निम्मेच खरे आहे.

स्तनातील गाठीचा पातळ छेद काचपट्टीवर घेऊन हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या नेहमीच्या रंगांनी रंगवला, की लसिकापेशी गर्द जांभळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. कर्कपेशींभोवतीच्या संयोजी ऊतीचा किती टक्के भाग त्यांनी व्यापला आहे, याचा विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून अंदाज घेतात. महागडे यंत्र लागत नाही. 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारात, म्हणजे संप्रेरकांचे ग्राही नाहीत आणि हर-2 प्रथिनाचाही अतिरेक नाही अशा गाठींत, हा आकडा बोलका ठरतो. केमोथेरपी न घेतलेल्या अशा 1966 रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. रोग पहिल्या टप्प्यात असताना लसिकापेशी 50 टक्के वा अधिक असलेल्यांपैकी 95 टक्के पाच वर्षांनी हयात होते. 30 टक्क्यांहून कमी असलेल्यांपैकी 82 टक्के.

इथवर तक्ता बरोबर. पण 2018 साली जर्मनीतील चाचण्यांमधल्या 3771 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा संप्रेरक-ग्राही असलेल्या, पण हर-2चा अतिरेक नसलेल्या गाठींनी वेगळेच दाखवले. लसिकापेशी जास्त असल्या तर केमोथेरपीला प्रतिसाद चांगला, आणि तरीही आयुष्य कमी! ठिपका दिसतो, तो काय करतो आहे ते दिसत नाही. टी-पेशींतल्याच काही नियामक पेशी इतरांना आवरतात. त्यांना कोणता गणवेश चढवणार?

हा वाद केवळ चित्राचा नाही. 'माझी प्रतिकारशक्ती चांगली आहे' म्हणून काढ्यावर विसंबून गाठ अंगावर काढणाऱ्या बाया आपल्या आसपास आहेत. काढ्याने हे ठिपके वाढतात, असे कोणी दाखवलेले नाही. (दिघा गाव स्थानक जानेवारी 2024 मध्ये सुरू झाले, त्याच रेल्वेने खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या रुग्णालयाकडे जाता येते.)

तक्ता करून घेणाऱ्या बाईंनी विचारले, "मग मुलांना काय काढायला सांगू?" आम्ही सुचवले, काचपट्टीचे छायाचित्र द्या, त्यावर चौकटींचा पारदर्शक कागद ठेवा आणि ठिपक्यांनी भरलेल्या चौकटी मोजायला सांगा. दोन मुलांची टक्केवारी जुळणार नाही. विकृतिशास्त्रज्ञांचीही तंतोतंत जुळत नसे. म्हणून तर 2014 साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने हे मोजावे कसे याचे नियम लिहून काढले.