सोन्याभोवतीचा डिंक

काचनळीतला हा माणकासारखा लाल द्रव उजेडासमोर धरून पाहा. हे पाण्यात विखुरलेले सोने आहे. कण नॅनोमीटरांत मोजावेत इतके बारीक, म्हणून पिवळेपणा जाऊन ही लाली आली. मायकेल फॅरडेने १८५७ च्या सुमारास केलेले असे द्रव लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवले आहेत. त्यात मीठ पडले की लाल रंग निळसर होतो, हेही त्याने टिपले होते. कणांवरच्या सारख्या विद्युतभारामुळे ते एकमेकांपासून लांब राहतात. मीठ तो भार झाकते आणि कण गोळा होतात. आतली पडझड इतक्या प्रांजळपणे रंगातून सांगणारा दुसरा पदार्थ मला ठाऊक नाही.

रिचर्ड झिगमाँडीने या रंगबदलाचीच मोजपट्टी केली. १० मिलिलिटर सुवर्णद्रवात १० टक्के मिठाचे पाणी १ मिलिलिटर घालायचे; लाली टिकवायला संरक्षक पदार्थ किती मिलिग्रॅम लागतो, तो त्याचा सुवर्णांक. स्टार्च २५ च्या आसपास लागतो, अरबी डिंक मात्र पाव मिलिग्रॅमही पुरतो. जिलेटिन याहून सरस ठरते, हे खरे. पण या कृतीतली एक बारीक जागा पाहा. मिश्रणात शेवटी उरणारा खारटपणा ०.९ टक्क्याच्या घरात येतो, म्हणजे दवाखान्यातल्या सलाइनइतका. रक्ताच्या खारटपणात सोने तगेल का, हा पुढे वैद्यकाला पडणारा प्रश्न या साध्या परीक्षेत आधीच विचारलेला आहे.

डिंक हे करतो कसे? सुदानच्या कोर्डोफानात हशाब झाडाची साल सोलली की जखमेवर हे थेंब साकळतात. त्यांत शर्करांच्या भरगच्च फांद्या आणि प्रथिनाचा जेमतेम दोन टक्के अंश असतो. फांद्या पाण्यात पसरतात आणि दोन कणांना जवळ येऊ देत नाहीत. बोरूने लिहिणाऱ्यांच्या शाईत काजळी तरंगत राही, ती डिंकाच्या याच गुणामुळे. शिवाय रेणू आटोपशीर, म्हणून द्रावण दाट केले तरी सहज वाहते. सुईतून द्यायच्या औषधाला ही प्रवाहीपणाची देणगी केवढी मोलाची!

मिसूरी विद्यापीठात कट्टेश कट्टी आणि सहकाऱ्यांनी हाच डिंक किरणोत्सारी सोन्याला, सुवर्ण-१९८ ला, पांघरला. हे द्रावण थेट प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या गाठीत टोचायचे. प्रयोग उंदरांवर झाले, मग हा कर्करोग झालेल्या कुत्र्यांवर. रुग्णांसाठी ते अजून रूढ औषध नाही. या सोन्याचा अर्धायुकाल २.७ दिवसांचा, आणि त्याच्या बीटा किरणांची धाव ऊतीत काही मिलिमीटरच. म्हणजे मारा गाठीवर होतो आणि आसपासचा भाग बराचसा वाचतो. त्यासाठी कण सुटे राहून गाठीत पसरायला हवेत, आणि ते काम डिंकाचे.

मला मात्र सर्वांत भावतात त्या कणाची मापे. धातूचा गाभा १२ ते १८ नॅनोमीटर, आणि पाण्यात फुललेल्या डिंकासकट व्यास ८५ च्या आसपास. कणाचा जवळजवळ सगळा घेर डिंकाचाच. तरीही नळीतला द्रव लालच दिसतो.