नागफणी आणि ‘ड्यूक्स नोज’ : इंग्रजी अध्ययनाच्या कक्षेबाहेर राहिलेले एक स्थळ

लोणावळ्याजवळील कुरवंडे गावालगत सह्याद्रीचा जो कडा कोकणावर झुकलेला दिसतो, त्यास दोन नावे आहेत. मराठीत ती नागफणी. इंग्रजी वर्णनांत व पर्यटकांच्या तोंडी ‘ड्यूक्स नोज’. हे दुसरे नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून पडले असे मानले जाते. आर्थर वेलस्ली दख्खनमध्ये लढला तो १८०३ साली. ड्यूक ही पदवी त्यास मिळाली १८१४ साली. तेव्हा निदान या रूपातील नाव त्याच्या येथील वास्तव्यातले नव्हे, ते त्याच्या युरोपीय कीर्तीमागून येथे आलेले आहे. याच गावाच्या वाटेवर १९४५ साली ब्रिटिश अमदानीतील नौदलाने आपल्या प्रशिक्षण केंद्रास शिवाजीचे नाव दिले, ही गंमतही नोंदवण्याजोगी आहे.

वसाहतकालीन नामकरण हा उत्तर-वसाहतवादी समीक्षेचा आवडता विषय. गौरी विश्वनाथन यांचा ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ १९८९ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय वसाहतींच्या राज्यकारभाराच्या गरजेतून भारतात आकारास आला, हे त्यांचे प्रतिपादन आपल्या विभागांत आता सर्वपरिचित आहे. परंतु या सिद्धान्ताचे उपयोजन बहुधा त्याच त्या चार-पाच इंग्रजी कादंबरीकारांवर होते. संज्ञा बदलतात, कादंबऱ्या त्याच राहतात, आणि निष्कर्ष तर पहिल्या प्रकरणातच ठरलेला असतो. अशा प्रबंधांना संशोधन म्हणणे प्रस्तुत लेखकास जड जाते.

गणेश देवी यांनी ‘आफ्टर ॲम्नेशिया’ (१९९२) मध्ये भारतीय समीक्षेच्या सांस्कृतिक विस्मृतीची मीमांसा केली. ती मोलाची आहे. तथापि कुरवंड्याच्या संदर्भात तिला मुरड घालावी लागते. गावाने नागफणी हे नाव कधी टाकलेच नाही. विस्मृती असलीच तर ती विद्यापीठीय विभागांत शोधावी लागेल.

येथे वाचण्यासारखे साहित्य थोडे नाही. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज कुरवंडे घाटाने कोकणात उतरली आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिला कोंडले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात हा प्रसंग आला आहे. पुढे शेजारच्या बोरघाटाने मराया ग्रॅहम आणि बिशप हेबर हे प्रवासी कार्ल्याकडे गेले. त्यांची प्रवासवर्णने अनुक्रमे १८१२ व १८२८ साली प्रसिद्ध झाली. पुण्याचे गॅझेटिअर १८८५ चे. परमानंदाच्या काव्यात अरण्य हे युद्धाचे साधन आहे: अनोळखी फौजेला अडवणारे, वाटा ठाऊक असणाऱ्याला साथ देणारे. इंग्रज प्रवाशांकडे मात्र निसर्ग दुरून चित्रासारखा न्याहाळण्याची, अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रुजलेली दृष्टी आहे. एकाच डोंगररांगेची ही दोन वाचने समोरासमोर ठेवली, तर ‘पिक्चरेस्क’ ही संकल्पना पदव्युत्तर वर्गाला व्याख्येवाचून कळू शकेल. मावळातून येणाऱ्या विद्यार्थ्याला घाट, धुके आणि पाऊस यांचे ज्ञान घरचेच असते. वर्डस्वर्थ शिकवताना आपण ते ज्ञान वर्गाबाहेर ठेवतो, आणि मग त्याचे इंग्रजी कच्चे म्हणून खंत करतो!

यावर आक्षेप येईल की हे काम इतिहास अथवा मराठी विभागाचे आहे. तो ग्राह्य वाटत नाही. भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे अध्यापक होते, रा. भा. पाटणकरही; ‘टीकास्वयंवर’ व ‘सौंदर्यमीमांसा’ हे त्यांचे ग्रंथ मराठीत अवतरले. देशीयतेच्या आग्रहातील नेमाड्यांची टोके सर्वांनाच मानवणार नाहीत. पण इंग्रजी विभागात बसून मराठीशी बौद्धिक व्यवहार ठेवता येतो, एवढे तरी या दोघांनी दाखवून दिले.

अडचण खरी आहे ती संशोधनाच्या भाषेची. इंग्रजी विभागातील प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो, परीक्षक तो इंग्रजीत तपासतात आणि तो ग्रंथालयात जातो. नागफणीवर असा प्रबंध झालाच, तर त्याचे किमान एक प्रकरण मराठीत प्रसिद्ध करण्याची अट विद्यापीठाने घालावी. त्यातील वाटा, पाणवठे आणि नावे बरोबर आहेत की नाहीत, हे कुरवंड्यातील माणसे परीक्षकांहून अधिक काटेकोरपणे तपासतील.