नजरेचा माग आणि नजरेचा हुकूम

आजचा विषय कागदावर जरा बोजड वाटतो: डोळ्याजवळ धरलेला छोटासा इलेक्ट्रॉनिक पडदा, भिंगातून मोठा करून दाखवलेला, आणि तो चालवायचा नुसत्या नजरेने. जालन्यात बसून यावर कशाला बोलायचं, असं कुणी विचारलं तर मी लग्नसराईकडे बोट दाखवीन. मांडवात जो फोटोग्राफर मिररलेस कॅमेरा डोळ्याला लावून फिरत असतो, त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये बोटाच्या पेराएवढा एक पडदा असतो आणि त्यापुढे भिंग. म्हणजे ही वस्तू आपल्या गावात केव्हाच आलेली आहे. पडदा आला, नजरेने चालवणं आता येतंय.

कॅननने हा प्रयोग 1992 मध्ये केला होता. ईओएस 5 नावाचा फिल्मचा कॅमेरा. आत पाच फोकस बिंदू, ज्या बिंदूकडे तुम्ही बघाल तिथे फोकस. कॅमेरा उभा धरला की मात्र ही सोय बंद. पुढे आणखी काही फिल्म कॅमेऱ्यांत ती आली आणि मग डिजिटल ईओएसमध्ये बरीच वर्षं दिसलीच नाही. 2021 च्या ईओएस आर3 मध्ये ती परत आली, यावेळी इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरसह. 2024 मध्ये ॲपलचा व्हिजन प्रो अमेरिकेत विक्रीला आला, 3,499 डॉलरला, तेव्हाच्या भावाने जवळपास 2 लाख 90 हजार रुपये. त्यात दोन्ही डोळ्यांपुढे दोन इवलेसे पडदे, मिळून 2 कोटी 30 लाख पिक्सेल, आणि माउसच्या जागी तुमची नजर. ज्या बटणाकडे बघाल ते उजळतं, मग अंगठा आणि बोट जुळवलं की दाबलं जातं.

आता माझी तक्रार सांगतो. या वस्तूंची जाहिरात ‘नजरेने चालणारं यंत्र’ अशी होते. पण जिथे काम नीट होतं तिथे नजर हुकूम देतच नाही. कॅमेऱ्यात नजर बिंदू सुचवते, शटरवरचं बोट होकार देतं. व्हिजन प्रोमध्येही नजर सुचवते आणि चिमूट होकार देते. बत्तीस वर्षांत मूळ तोडगा तोच राहिला, आणि तो बरोबर आहे. गडबड होते ती होकारही डोळ्यानेच द्यायला लावला की.

असं का, ते आधी डोळ्याच्या बाजूने बघू. डोळा एका जागी थांबत नाही. सेकंदाला तीनेक उड्या मारतो, मधे पाव सेकंद टेकतो, पुन्हा उडतो. यातल्या बहुतेक उड्या आपण ‘मारत’ नाही, त्या होतात. दारात कुणी आलं, नजर गेली. अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट जेकब यांनी 1990 च्या सुमारास याला राजा मिडासचं नाव दिलं: ज्याच्याकडे बघाल ते दाबलं जाणार. आपल्याला मिडास कशाला हवा, भस्मासुर आहे की. (हशा) वर मिळाला, पण हात ठेवायचा कुठे याची पंचाईत.

यावर तोडगा काढला तो टक लावण्याचा. एका जागी अर्धा-एक सेकंद बघत राहिलं म्हणजे ‘हो’. पण विचार करा, माणूस टक लावून कधी बघतो? वाचताना अडला की. गोंधळला की. विचारात हरवला की. म्हणजे ज्या क्षणी त्याला सर्वांत कमी खात्री असते, त्या क्षणाला यंत्र होकार समजतं. मराठीत बघण्याला किती शब्द आहेत: न्याहाळणं, निरखणं, रोखून बघणं, ओझरतं बघणं. आणि ‘कानाडोळा’ आहे, म्हणजे दिसलं पण मुद्दाम मनावर घेतलं नाही. यंत्राला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त एक बिंदू आणि किती वेळ, एवढंच.

तो बिंदू तरी कसा मिळतो? पडद्याच्या कडेला बारीक इन्फ्रारेड दिवे असतात, आपल्याला न दिसणारे. त्यांची चकाकी बुबुळावर उमटते. छोटा कॅमेरा ती चकाकी आणि काळी बाहुली, दोन्ही टिपतो, आणि दोघींमधल्या अंतरावरून नजर कुठे आहे याचा हिशेब मांडतो. चांगल्या परिस्थितीत चूक अर्धा ते एक अंश. एक अंश म्हणजे किती? हात लांब करून करंगळी समोर धरा. तिची रुंदी साधारण तेवढी. आणि डोळ्याला एका वेळी लख्ख दिसणारा भागही एक-दोन अंशांचाच असतो. म्हणजे कॅमेरा कितीही भारी आणला तरी करंगळीपेक्षा फार बारीक निशाणा नजरेकडून मागण्यात अर्थ नाही. पडद्यावर पिक्सेल कोटींनी, आणि बोट मात्र करंगळीएवढं जाड.

यात एक गोष्ट विक्रेता कधी दाखवत नाही. नेत्रगोलाची त्रिज्या 12 मिलिमीटरच्या आसपास असते. कॅमेऱ्याच्या नजरेत बाहुली एक मिलिमीटर हलली तर त्याचा अर्थ नजर सुमारे पाच अंश फिरली, किंवा मग नाकावरचं यंत्रच एक मिलिमीटर घसरलं. चकाकीमुळे हा फरक बराचसा ओळखता येतो, पण पूर्ण नाही. पाच अंश म्हणजे पाच करंगळ्या. आता मे महिन्यात, घामेजलेल्या नाकावर, अर्धा किलोहून जास्त वजन. सांगायला नकोच.

‘हात मोकळे राहतात’ हा या यंत्रांचा लाडका मुद्दा आहे. आपल्या गावाला तो लगेच पटतो, कारण इथे हात गुंतलेली माणसं भरपूर. एमआयडीसीत भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत, सळई ओढणाऱ्या रोलिंग मिल आहेत. कामगाराच्या डोळ्यापुढे छोटा पडदा, त्यावर तापमानाचा आकडा, नजरेने पान उलटायचं. ऐकायला छान. पण भट्टीसमोरचा माणूस घालतो त्या गडद चष्म्याचं कामच इन्फ्रारेड अडवणं हे असतं. आणि नजर टिपणाऱ्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेडशिवाय दिसत नाही. वितळलेलं लोखंड स्वतःच इन्फ्रारेड ओकत असतं. सूर्यही तेच करतो, म्हणून हेच यंत्र दुपारी बाराला उघड्यावर नेलं की चाचपडायला लागतं. शिवाय वितळत्या लोखंडाजवळ उभ्या माणसाची नजर पडद्यावरच्या बटणात अडकवून ठेवणं हा मला तरी शहाणपणा वाटत नाही.

इथे लष्कराचं उदाहरण घ्या. भारताच्या हवाई दलात 2019 साली दाखल झालेल्या अपाचे हेलिकॉप्टरच्या वैमानिकाच्या एका डोळ्यापुढे असाच छोटा, भिंगातून मोठा दिसणारा पडदा असतो. त्याची तोफ वळते ती डोक्याबरोबर, बुबुळाबरोबर नाही. डोकं जिथे ठेवाल तिथे राहतं. भटकणं हा डोळ्याचा स्वभावच आहे.

आता प्रश्न कुणाच्या डोळ्यांचा. प्रात्यक्षिकातला डोळा तरुण असतो, पापणी वर, बाहुली गोल, खोली वातानुकूलित. मराठवाड्यातला डोळा असाच असेल असं धरून चालता येणार नाही. जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयात आसपासच्या तालुक्यांतून मोतीबिंदूचे रुग्ण येतात. ऑपरेशननंतर डोळ्यात बसवलेलं कृत्रिम भिंग स्वतःची वेगळी चकाकी देऊ शकतं, बाहुली कधी वेडीवाकडी राहते. उन्हाधुळीत जन्म काढलेल्यांच्या बुबुळावर मांस वाढतं. म्हातारपणी पापणी खाली येते आणि बाहुलीचा वरचा भाग झाकते. जवळचं-लांबचं एकत्र असलेल्या चष्म्याच्या रेषेवर चकाकी तुटते. डोळा तिरळा असेल तर दोन डोळे दोन वेगळे बिंदू सांगतात. ॲपलने एकाच डोळ्याचा माग घेण्याची, किंवा नजरेऐवजी डोकं नाहीतर मनगट वापरण्याची सोय दिली आहे, आणि याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण तो चष्म्यावर चढत नाही, नंबरची भिंगं वेगळी विकत घ्यावी लागतात.

गुप्ततेचं थोडक्यात सांगतो. 2024 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की व्हिजन प्रो वापरणाऱ्याचा व्हिडिओ कॉलवर जो डिजिटल चेहरा दिसतो, त्याच्या डोळ्यांच्या हालचालीवरून तो माणूस काय टाइप करतोय हे बरंचसं ओळखता येतं. ॲपलने ती फट बुजवली. पण डोळा उघडाच असतो. टाइप करताना बोटं झाकता येतात, डोळे कसे झाकणार?

इतका वेळ मी ज्यांना पर्याय आहे त्यांच्याबद्दल बोललो. ज्यांना पर्याय नाही, त्यांच्यासाठी खरं तर हा विषय निवडला. मोटर न्यूरॉनचा आजार, मेंदूच्या देठाला झालेला झटका. हात जातो, वाचा जाते, आणि बऱ्याचदा डोळ्यांची हालचाल तेवढी शेवटपर्यंत टिकते. तिथे होकार द्यायला बोट नाही, चिमूट नाही. टक लावण्याचा तोडगा मी मघाशी नावं ठेवून बाजूला केला, तोच तिथे आधार आहे. आणि नेमक्या तिथेच आपल्या भाषेसाठी काम झालेलं सर्वांत कमी दिसतं.

एक साधं वाक्य घ्या. ‘कुशीवर वळवा.’ अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसातून कितीदा म्हणावं लागेल. इनस्क्रिप्टच्या हिशेबाने क, उकार, श, ईकार, व, र, मोकळी जागा, व, ळ, व, काना. अकरा वेळा टक लावायची. त्यातले श आणि ळ शिफ्टच्या थरावर, म्हणजे आणखी दोन, एकूण तेरा. एकेका अक्षराला सेकंदभर धरलं, मधली शोधाशोध धरली, तर अर्धा मिनिट सहज जातं, तेही एकही चूक झाली नाही तर. आणि चूक होणारच, कारण इंग्रजीच्या कीबोर्डाच्या साच्यात सगळी अक्षरं दाटीवाटीने बसवलेली. छोट्या पडद्यावर ती करंगळीएवढीही उरत नाहीत. भिंग लावून पडदा मोठा दिसतो खरा, पण डोळ्याशी घट्ट बांधलेल्या त्या पडद्यामुळे रुग्णाला समोरच्याचा चेहरा दिसेनासा होतो. ज्याच्याकडे डोळ्यांशिवाय बोलायला काही उरलेलं नाही, त्याच्या डोळ्यांवर आपण डबा बसवतो! मला हा उलटा न्याय वाटतो.

खरं म्हणजे आपल्याकडे नजरेसाठी तयार मांडणी शाळेच्या भिंतीवर टांगलेली आहे. क ते म, पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरं. पहिल्या नजरेत वर्ग निवडायचा, दुसऱ्या नजरेत अक्षर. एका वेळी पडद्यावर पाचच घरं, तळहाताएवढी मोठी. य ते ळ यांची वेगळी ओळ करा, स्वरांची वेगळी, आणि एका घरात ‘पाणी’, ‘कुशीवर वळवा’, ‘दुखतंय’, ‘पंखा’ अशी रोजची वाक्यं. नजरा दुप्पट लागतील हे मान्य. पण घर मोठं असलं की करंगळीएवढी चूक पोटात जाते, आणि पापणी खाली आलेल्या, भिंग बसवलेल्या डोळ्यालाही ते जमण्याची शक्यता वाढते. यासाठी तीन लाखांचं यंत्रही लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या पाटीवर अक्षरं लिहून, पाटीच्या पलीकडे बसलेल्या माणसाने रुग्णाची नजर वाचायची, ही पद्धत जगात जुनी आहे. फोनच्या समोरच्या कॅमेऱ्याने नजर टिपण्याची सोय ॲपलने 2024 मध्ये आयफोन-आयपॅडवर दिली. त्यावर ही पाच घरांची मांडणी कुणी मराठीत बसवली, तर मी ती व्हिजन प्रोपेक्षा मोठी गोष्ट मानेन. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं समोर बसली आहेत म्हणून मुद्दाम म्हणतोय.

आणि तुमच्या घरात कुणासाठी असं यंत्र घ्यायची वेळ आलीच, तर दुकानातल्या खोलीत बघून पैसे देऊ नका. रुग्णाच्या खोलीत, रुग्ण ज्या कुशीवर असतो त्याच कुशीवर, त्याच्या स्वतःच्या चष्म्यासह, दुपारी खिडकी उघडी ठेवून लावायला सांगा. त्यावर मराठीत एक वाक्य लिहून घ्या आणि घड्याळ लावा. तासाभराने, मान जरा घसरल्यावर, तेच वाक्य पुन्हा लिहून घ्या. विक्रेता तासभर थांबायला तयार नसेल तर पाटी करा. पाटीला लागणारं प्लास्टिक मिळायला अवघड नाही.